पाच मिनिटांचा नियम

फेब्रुवारीतला मावठा माणसाला बेसावध गाठतो. दुपारभर कडक ऊन होतं, आणि चारच्या सुमाराला टॉवर चौकात असा काही सडाका आला की फ्रीगंजमधली सगळी माणसं मिळेल त्या दुकानाच्या पत्र्याखाली शिरली. अपर्णा पागनीसकडे छत्री नव्हती. फेब्रुवारीत छत्री घेऊन फिरणारी मुलगी उज्जैनमध्ये अजून जन्मायची होती. ती आपली भैरवगढ छापाची ओढणी डोक्यावर धरून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पळाली. तसं तिला तिथेच यायचं होतं.

माधव नगरात विलासदादांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ती शिकवायची. क्लासातले पाच कॉम्प्युटर एकाच काळ्या केबलला जोडलेले होते. त्या केबलच्या दोन्ही टोकांना एकेक छोटं चकचकीत टोपण बसवावं लागे, त्याला टर्मिनेटर म्हणत. एक टोपण हरवलं की पाचही कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायचे बंद! आणि ते सकाळी झाडू मारताना हरवलं होतं.

"भैया, टर्मिनेटर है?"

तिने विचारलं, आणि तिच्या खांद्यामागून अगदी तोच प्रश्न, त्याच क्षणी, पुरुषी आवाजात आला.

दुकानदाराने डबा उपडा केला. "एक ही पीस बचा है। अब आप दोनों आपस में देख लो।"

"अरे देवा..." अपर्णा पुटपुटली.

"मराठी का?" मागच्याने विचारलं. उंच, चष्मेवाला, चष्म्यावर पावसाचे थेंब, त्यामुळे त्याला बहुधा ती दिसतही नव्हती.

"उज्जैनमध्ये दर दुसऱ्या गल्लीत मराठी माणसं आहेत. त्यात विशेष काय?"

"विशेष नाही. भांडायला सोपं जाईल." त्याने चष्मा पुसला, परत घातला, आणि मग तिच्याकडे नीट पाहिलं... जरा जास्तच नीट. "मला तर खरं दोन पाहिजेत."

"मग हे एक घेऊन काय करणार?"

"एका टोकाला हे लावीन. दुसऱ्या टोकावर बोट धरून बसेन."

"त्याने नाही चालत!" तिला हसू आलं.

"माहीत आहे. पण तुम्ही हसलात ना."

असा रुचिर जामदार अपर्णाच्या आयुष्यात आला. एमसीएच्या शेवटच्या वर्षाला होता. वडील बँकेत, घर देवास रोडला. स्वतःचा कॉम्प्युटर होता, त्यावर विंडोजऐवजी मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीतलं लिनक्स घातलेलं. प्रोजेक्ट म्हणून तो गप्पा मारायचा एक प्रोग्रॅम लिहीत होता, पायथन नावाच्या भाषेत. ती उज्जैनमध्ये त्याच्याशिवाय कुणाला येत असेल असं वाटत नव्हतं. एका कॉम्प्युटरवर टाइप करायचं, दुसऱ्यावर उमटायचं. अडचण एवढीच, की त्याच्याकडे दुसरा कॉम्प्युटर नव्हता.

"आमच्याकडे विंडोजवाले पाच आहेत," अपर्णा म्हणाली. "टोपण मी घेते. तुमचं मशीन आमच्याकडे आणा."

पाऊस थांबला होता, आणि दोघंही अजून दुकानातच उभे होते. ते आधी दुकानदाराच्या ध्यानात आलं.

*

दुसऱ्या दिवशी आईच्या रजईत गुंडाळलेला कॉम्प्युटर मांडीवर घेऊन तो ऑटोतून उतरला. विलासदादांनी त्याला मागची खोली दिली. पुढच्या खोलीत अपर्णाचं टेबल, मध्ये टाइप शिकणाऱ्या मुलांचे बाक, आणि भिंतीच्या कडेने गेलेली वीस-बावीस फुटांची काळी केबल. प्रोग्रॅमचं नाव त्याने ‘गप्पा’ ठेवलं होतं.

आणि गप्पा सुरूच होईनात! लिनक्सवर तोच प्रोग्रॅम कसा छान चालायचा. विंडोजवर मात्र तोंड उघडण्याआधीच आडवा व्हायचा. एरर १००३८. रुचिर इंदूरच्या सायबर कॅफेत दोनदा जाऊन आला. एकदा चार फ्लॉपींवर पायथन घेऊन आला, तर तिसरी फ्लॉपी खराब निघाली. पुन्हा गेला. एरर तीच.

पण त्याला राग कसा तो येत नसे. "एररवर चिडायचं नाही," तो म्हणायचा. "ती बिचारी काय बिघडलं ते सांगायला आलेली असते. तिचं ऐकून घ्यायचं."

"आमच्याकडे पाहुण्यांसमोर बिघडलेलं दाखवत नाहीत," अपर्णा म्हणायची. आणि ते खरंच होतं. घरी वडिलांची नोकरी धोक्यात होती ते वर्षभर शेजाऱ्यांना कळू दिलं नव्हतं. क्लासात एखादं मशीन अडलं, की ती पटकन मॉनिटर बंद करून मुलांना म्हणे, चला, आज थिअरी.

दोष सापडला तो तिलाच. एका दुपारी तिने प्रोग्रॅममधला कीबोर्डचा भाग काढून टाकला आणि नुसता तारेचा ठेवला, तर एरर गायब!

"रुचिर! इकडे ये... लवकर ये!" तीन आठवड्यांत ‘तुम्ही’ कुठल्या कुठे गेलं होतं. "तू दोघांचं एकदम ऐकायला सांगून राहिला आहेस, कीबोर्डचं पण आणि तारेचं पण. लिनक्स ऐकतं. विंडोज म्हणतं, मी फक्त तारेचं ऐकणार, कीबोर्डशी माझा काही संबंध नाही."

"म्हणजे हा एका वेळी एकाचंच ऐकतो."

"आमच्या बाबांसारखा."

"मग याच्याकडे दोन माणसं ठेवू," तो म्हणाला. "एक नुसता ऐकणारा, एक नुसता बोलणारा." आणि तिच्याच खुर्चीच्या हातावर टेकून त्याने तिथल्या तिथे लिहायला घेतलं. त्याचा कोपर तिच्या खांद्याला लागत होता. त्याने तो काढला नाही... तिनेही खांदा सरकवला नाही.

संध्याकाळी तिच्या स्क्रीनवर पहिली ओळ उमटली. इंग्रजी अक्षरांत मराठी: *अपर्णा, चहा पिणार का?*

तिने लिहिलं: *वीस फुटांवरून विचारतोस? उठून ये की.*

*उठून आलो तर इतकं सोपं नाही जात.*

ती तिथे बसून एकटीच लाजली. मधल्या बाकांवरची मुलं ए-एस-डी-एफ बडवत होती, त्यांना यातलं काही कळत नव्हतं, हे एक बरं होतं.

त्या रविवारी ते राम घाटावर गेले. आरती आटोपून गर्दी पांगली होती. अपर्णा पाण्यात पाय सोडून बसली आणि रुचिर तिच्या चपला हातात घेऊन मागे उभा राहिला. "खाली ठेव की," ती म्हणाली. "कुणी नेल्या तर तू घरी अनवाणी कशी जाशील?" तो म्हणाला. एवढंच बोलणं झालं. पण घरी आल्यावर बहिणीने, सुलूने, विचारलं, "ताई, तू एकटीच का हसते आहेस?"

*

आता नियमाची गोष्ट.

विंडोजवर कुणी खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबून प्रोग्रॅम बंद केला, तर रुचिरच्या मशीनला ते समजत नसे. माणूस घरी जाऊन जेवला तरी याच्या यादीत तो बसलेलाच. म्हणून प्रोजेक्टच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याने एक नियम घातला. कुणी पाच मिनिटं काहीच बोललं नाही, तर तो गेला असं धरायचं, तार तोडायची, आणि इतरांना कळवायचं की अमुक गेला.

"पाच मिनिटं गप्प बसलं की गेला? कमाल आहे!" अपर्णा म्हणाली. "माणूस विचार करत असेल तर?"

"तर ‘थांब’ एवढं लिहावं."

"सगळ्यांना नाही जमत लिहायला."

"मग त्याच्या स्क्रीनवर एरर येईल ना. कनेक्शन तुटलं म्हणून. तो पुन्हा जोडेल." त्याचा एररवर भारीच विश्वास.

परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षक क्लासातच येणार होते, कारण सगळी मशीनं आणि केबल हलवणं शक्य नव्हतं. सकाळच्या तालमीत तिच्या विंडोजवर तीनदा एरर आली, दर वेळी एरवी सुरळीत चालता चालता मध्येच. स्क्रीन इंग्रजी ओळींनी भरून जायची. रुचिर बाहेर परीक्षकांना घ्यायला गेला होता. अपर्णाने दाराकडे पाहिलं. पाहुण्यांसमोर हे दिसलं तर? त्याचे एवढे महिने, त्याची नोकरी... बंगलोरच्या एका कंपनीने त्याला निवडलं होतं, पण पास होण्याच्या अटीवर.

तिने फाइल उघडली आणि दोन ओळी घातल्या. ‘काही चुकलं तर गप्प राहा आणि पुढे चल’, असा त्यांचा अर्थ. ऐकणाऱ्यालाही घातल्या, बोलणाऱ्यालाही.

एरर बंद झाली. म्हणजे बिघाड तसाच होता, फक्त तो आता कुणाला सांगत नव्हता.

परीक्षक आले, त्यांनी दोन्ही बाजूंनी चार-चार ओळी टाइप केल्या, पोहे खाल्ले, दुसऱ्यांदा जिलेबी मागितली आणि "व्हेरी गुड" म्हणून गेले. रुचिरने मागच्या खोलीच्या दारातून तिच्याकडे पाहून नुसते डोळे मिटले आणि उघडले. तिला वाटलं, दोन ओळींचं संध्याकाळी सांगू. आज नको, आज त्याचा दिवस आहे.

संध्याकाळी सहाच्या बॅचला ती पुढे बसली होती. तो मागे सामान आवरत होता. ‘गप्पा’ चालूच होता. आणि तिच्या स्क्रीनवर ओळी उमटायला लागल्या, एकेक, थांबत थांबत.

*अपर्णा. शनिवारी मी बंगलोरला निघतो.*

*समोर येऊन विचारायची हिंमत नाही म्हणून इथे विचारतो.*

*माझ्याशी लग्न करशील?*

आणि थोड्या वेळाने:

*नको असेल तर काहीच लिहू नकोस. मी समजून जाईन. पुन्हा कधी हा विषय काढणार नाही, तुला अवघड वाटेल असं वागणार नाही. शपथ.*

तिचे कान तापले. तिने लिहिलं, *आई-बाबांना विचारून सांगते*. खोडलं. *वेडा आहेस का?* लिहिलं. खोडलं. *मला वाटलं तू विचारणारच नाहीस* असं लिहिलं, आणि ते फारच उघडं वाटलं म्हणून तेही खोडलं. तेवढ्यात एका मुलीची शिफ्ट की अडकली, ती सोडवून द्यावी लागली. परत येऊन ती बसली, उगाचच ओढणी सारखी केली, आणि दोनच अक्षरं टाइप केली.

*हो.*

एंटर दाबलं. तिच्या स्क्रीनवर नाव उमटलं, पुढे ‘हो’ उमटलं. आता तो उठून येईल. खुर्ची सरकेल, दार वाजेल... ती कान लावून बसली.

बऱ्याच वेळाने खुर्ची सरकली. दार वाजलं. खांद्याला पिशवी लावून रुचिर बाहेर आला. तिच्याकडे न बघता, विलासदादांना "उद्या सकाळी मशीन घेऊन जातो, दादा" एवढं बोलून तो पायऱ्या उतरला. त्याचा चेहरा उतरलेला होता. अपर्णाला वाटलं, लाजला असेल. मुलगेही लाजतात, हे तिला फार गोड वाटलं. त्या रात्री ती किती छान झोपली, हे पुढे तिला आठवायचं आणि स्वतःचा राग यायचा.

सकाळी ती क्लासात पोचली तेव्हा मागची खोली रिकामी होती. शुक्रवार गेला. शनिवार गेला. रविवारी त्याची आई, प्रतिभाकाकू, पेढे घेऊन क्लासात आल्या. "रुचिर म्हणाला, अपर्णाने खूप मदत केली. काल गेला गं बंगलोरला. तुला भेटला असेलच ना?"

"हो, भेटला की," अपर्णा म्हणाली आणि पेढा तोंडात टाकला.

‘हो’ वाचून पळाला! असा तिने अर्थ लावला. आधी विचारतो, आणि उत्तर आलं की घाबरतो. आपण तर उघडपणे ‘हो’ म्हणून बसलो, आता आणखी काय मागे मागे जायचं? तिचा अभिमान आडवा आला. तिने पत्र लिहिलं नाही, पत्ताही विचारला नाही.

*

सप्टेंबरात नवी बॅच आली. तिला गंमत दाखवावी म्हणून अपर्णाने जुना ‘गप्पा’ काढला. आता लिनक्सवालं मशीन नव्हतं, म्हणून दोन्हीकडे विंडोजच. एक मुलगी बराच वेळ काही सुचत नाही म्हणून गप्प बसली, मग तिने काहीतरी टाइप केलं.

"मैडम, मेरा मैसेज गया।"

"कहाँ गया? इधर तो कुछ नहीं आया," दुसऱ्या टोकाची मुलगी म्हणाली. "इधर तो लिखा है, तू चली गई।"

अपर्णा जागेवरून उठली. पहिल्या स्क्रीनवर संदेश दिसत होता, पाठवणारीच्या नावासकट, अगदी गेल्यासारखा. दुसऱ्या स्क्रीनवर तो नव्हता. तिथे एवढंच होतं, की ही गेली.

पाच मिनिटं उलटली होती. त्याच्या नियमाने तार तोडली होती. आणि तार तुटली हे सांगायला आलेल्या एररचं तोंड तिच्या दोन ओळींनी दाबलं होतं.

मुलांना "आज थिअरी" म्हणायलाही तिला सुचलं नाही. ती मागच्या रिकाम्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. त्या संध्याकाळी खोडत-लिहीत, शिफ्ट की सोडवत, ओढणी सारखी करत तिने किती मिनिटं घालवली होती? सात? आठ? तेवढ्यात त्याच्या समोर, ‘माझ्याशी लग्न करशील?’ या ओळीच्या खाली, ओळ आली होती: अपर्णा गेली.

अजून फार काही बिघडलं नव्हतं. चारच महिने झाले होते. हे आपण ध्यानात ठेवलं पाहिजे, कारण अपर्णाने पुढे कधीच ते विसरू दिलं नाही स्वतःला.

तिने प्रतिभाकाकूंकडून नंबर घेतला, म्हणाली प्रोजेक्टचं काम आहे. रविवारी सकाळी एसटीडी बूथच्या काचेच्या खोपट्यात शिरली. पलीकडे घरमालकाने फोन उचलून त्याला हाक मारली, जिन्यावर पावलं वाजली.

"हॅलो?"

चार महिन्यांनी तो आवाज आला आणि तिने पाठ केलेलं सगळं पार उडालं.

"मी... अपर्णा."

पलीकडून फार जपून, फार सभ्यपणे: "बोल. सगळं ठीक ना? काका-काकू?"

त्याने शपथ घेतली होती ना, अवघड वाटेल असं वागणार नाही! तो ती पाळत होता.

"तुझा गप्पा... नव्या बॅचला दाखवला."

"अच्छा? चालला?" त्याचा आवाज जरा खुलला. "एरर आली का काही?"

हीच ती जागा. इतकं सरळ दार कुणी कधी उघडून दिलं नसेल. बाहेर काचेपाशी दोन माणसं आपल्या नंबराची वाट बघत उभी होती, एक जण घड्याळ दाखवत होता. आणि अपर्णाच्या मनात आलं, याला काय वाटेल? आपण याच्या प्रोजेक्टमध्ये चोरून हात घातला, तो खोटा पास झाला... आत्ता नको. फोनवर नको. दिवाळीला येईल तेव्हा समोर सांगू.

"नाही," ती म्हणाली. "एकपण नाही."

"मस्त," तो म्हणाला. "बरं... काळजी घे."

दिवाळीला तो आला नाही. त्याला सुट्टी मिळाली नाही, असं काकू म्हणाल्या. होळीला त्याचे आई-वडीलच तिकडे गेले. मग अपर्णाला वाटायला लागलं, आता इतके दिवस झाले, आता कसं सांगायचं. प्रत्येक महिना आधीच्या महिन्याला सबब म्हणून पुढे करत होता. तिला स्थळं यायची. तिने तीन नाकारली. आईने कारण विचारलं, तर म्हणाली, "पत्रिका नाही जुळत." आई म्हणाली, "अगं, पत्रिका मी जुळवते की तू?"

*

दोन हजार एकच्या डिसेंबरात एक ऑटो क्लाससमोर थांबला. आत प्रतिभाकाकू होत्या, गुडघ्यांमुळे त्या उतरल्या नाहीत, तिथूनच हात हलवला. उतरला तो रुचिर. चष्मा बदललेला, केस थोडे मागे हटलेले. हातात लग्नपत्रिकांचा गठ्ठा.

अपर्णा उठून उभी राहिली. "ये ना. बस."

"बसत नाही गं, अजून वीस घरं आहेत." त्याने गठ्ठ्यातलं एक पाकीट काढलं. त्यावर नाव नव्हतं. "तुझं नाव घालायचं राहिलं. म्हणजे... आडनाव बदललंय का ते माहीत नव्हतं. आणि कुणाला विचारायचं धाडस नाही झालं."

"पागनीसच," ती म्हणाली. "लिही."

त्याने तिच्याच टेबलावर वाकून लिहिलं. मुलगी इंदूरची होती, इशिता. लग्न बावीस तारखेला. तो अक्षर नेहमीपेक्षा सावकाश काढत होता.

"रुचिर, तुझ्या प्रोग्रॅममध्ये मी दोन ओळी घातल्या होत्या."

पेन थांबलं.

"परीक्षेच्या दिवशी. तुला न विचारता. एरर दिसू नये म्हणून."

तो हुशार होता. पुढचं तिला समजावून सांगावं लागलं नाही. तो हळूहळू सरळ उभा राहिला.

"म्हणजे माझ्या स्क्रीनवर ‘अपर्णा गेली’ आलं ते..."

"ते तुझ्या पाच मिनिटांच्या नियमाने. मी कुठेच गेले नव्हते. मी इथेच बसले होते. लिहीत होते."

"काय लिहीत होतीस?"

बाहेर ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला. ‘नाही’ म्हणणं किती सोपं होतं. पत्रिका छापून झाल्या होत्या. इंदूरला कुणी इशिता मेंदीची नक्षी निवडत असेल. ‘नाही लिहिलं होतं’ म्हटलं असतं, तर तो हसून मोकळा झाला असता आणि काहीच बिघडलेलं दिसलं नसतं. अपर्णाला ते काम फार चांगलं जमायचं. पण आता तिला त्याचाच कंटाळा आला होता, मनापासून.

"हो," ती म्हणाली. "‘हो’ लिहिलं होतं."

रुचिर मुलांच्या बाकावर बसला.

"मी वीस मिनिटं थांबलो होतो त्या खोलीत," तो म्हणाला. "वाटलं, तुला राग आला. फुली दाबून गप्पा बंद केलास. इतकी लाज वाटली... तुझ्यासमोरून जाताना मान वर करता येईना." मग त्याला आठवलं. "तू फोन केलास, तेव्हा माहीत होतं तुला?"

"होतं."

"मी विचारलं होतं, एरर आली का."

"आणि मी नाही म्हटलं."

"का गं?"

"तुला काय वाटेल, म्हणून. आणि वाटलं... अजून वेळ आहे."

"होता," तो म्हणाला. रागाने नाही, पण तिला रागच परवडला असता. "तेव्हा खूप वेळ होता, अपर्णा. अगदी ह्या वर्षीच्या पाडव्यापर्यंत होता. आई किती मुली सांगायची, मी नाही म्हणायचो."

तिने टेबलाची कड धरली. रडायचं नाही असं तिने ठरवलं नव्हतं, पण रडू आलं नाही.

"मग आज कशाला सांगितलंस?"

"तुला नकार मिळाला असं तू धरून चालला आहेस. तसं नव्हतं. तेवढं तुझं तुला मिळायला पाहिजे."

"उठून यायला हवं होतं मी," तो म्हणाला. "वीस फूट तर होते."

"मीही यायला हवं होतं."

पुन्हा हॉर्न वाजला, आणि "रुचिर, अरे उशीर होतोय!" अशी हाक आली. तो उठला. पाकिटावरचं अर्धं राहिलेलं आडनाव पुरं केलं, आणि दोन्ही हातांनी तिला दिलं, रीतीप्रमाणे.

"इशिता चांगली मुलगी आहे," तो म्हणाला.

"असणारच. जा, काकू खोळंबल्यात."

*

बावीस तारखेला विलासदादा आणि वहिनींबरोबर ती इंदूरला लग्नाला गेली. सुलू म्हणाली होती, कशाला जातेस? पण बोलावणं आलं होतं, आणि नाव घालून आलं होतं.

मुहूर्त लागला. जेवणाआधी भेटणाऱ्यांच्या रांगेत उभी राहून ती स्टेजवर पोचली. जांभळ्या शालूतली इशिता खरंच गोड होती, आणि खूप दमली होती.

"ही अपर्णा," रुचिर म्हणाला. "माझा प्रोजेक्ट हिच्याकडेच झाला."

"अय्या, तुम्हीच का त्या!" इशिता म्हणाली. "त्या प्रोजेक्टमध्ये म्हणे शेवटच्या दिवशी मोठी गडबड झाली होती. तुम्ही निस्तरलीत?"

"निस्तरली नाही," अपर्णा म्हणाली. "लपवली होती."

इशिता खळखळून हसली. "मग कळली कशी?"

"मीच सांगितली. फार उशिरा."

रुचिरने मान खाली घातली आणि हातातला हार नीट केला.

"मैडम, फोटो में थोड़ा पास आइए," फोटोग्राफर ओरडला. अपर्णा कडेला सरकायला लागली होती, तेवढ्यात इशितानेच मेंदीभरल्या हाताने तिचं मनगट धरलं आणि तिला आपल्या दोघांच्या जवळ ओढून घेतलं.